शकूताई, ती ओळ होती

शकूताई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मेडिकल कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या, असा निरोप दोनदा येऊन गेला. जन्म कुठला, शिक्षण किती, लायब्ररीत नोकरी किती वर्षं, असं सगळं हवंय त्यांना. ते दुसरं कुणीतरी लिहील. तुमच्याबद्दल लिहिण्याआधी मला तुम्हाला एक सांगायचं आहे. ते सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती. प्रत्येक शनिवारी तुम्ही माझ्या दवाखान्यात समोरच्या बाकावर येऊन बसत होतात. तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आता कागद-पेन घेऊन लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "डॉक्टर, पाल्हाळ लई झालं. मुद्दा कुटाय?"

मुद्द्यावर येते, पण मला थोडा वेळ द्या. तुम्ही शेवटपर्यंत मला डॉक्टरच म्हणत राहिलात. मी डॉक्टर झालेही नव्हते तेव्हापासून. मी शेवटच्या वर्षाला होते, परीक्षेसाठी लायब्ररीत तळ ठोकून असायची, आणि तुम्ही काउंटरच्या मागे एक जाडजूड मासिक उघडून शेजारी शब्दकोश घेऊन बसलेल्या असायच्या. ती मासिकं बोटीनं यायची, सहा सहा महिने उशिरा, आणि तुमच्याशिवाय त्यांना कुणी हात लावायचं नाही. बाकी डॉक्टरमंडळी लायब्ररीत यायची ती वर्तमानपत्र वाचायला आणि पंख्याखाली बसायला. एक दिवस तुम्ही मला विचारलंत, "डॉक्टर, हे प्लासिबो म्हणजे काय?" मी सांगितलं, खोटी गोळी. निम्म्या रोग्यांना खरं औषध द्यायचं, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि फरक पडतो का बघायचा. तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे खऱ्याचं खरेपण कळायला खोट्याला शेजारी बसवायचं. लई शहाणी मानसं हायत की."

तुम्ही मैंदर्गीच्या. घरी शेती, घरात अर्धी कानडी अर्धी मराठी, भावंडांत एकट्या बी.ए. झालेल्या. एरवी अगदी शुद्ध बोलायच्या, पण आनंद झाला किंवा राग आला की तुमच्या तोंडी मैंदर्गी यायची. त्यावरून मला तुमचा पारा कळायचा.

चिठ्ठ्यांची कल्पना तुमचीच. खेड्यातले डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी औषधं न्यायला शहरात यायचे, तेव्हा लायब्ररीत डोकावून विचारायचे, बाई, नवीन काय? त्यांना बसून वाचायला ना वेळ होता ना तेवढं इंग्रजी. मग तुम्ही दर आठवड्याला एकच विषय घेऊन, त्यावर जे जे छापून आलं असेल ते सगळं वाचून, अर्ध्या फुलस्केपच्या एका बाजूला मावेल इतकं मराठीत लिहायला लागलात. प्रश्न काय होता, कुणावर करून बघितलं, काय निघालं, आपल्याकडे कितपत चालेल. पाठीमागे लिहायचं नाही, कारण डॉक्टर कागद उलटत नाहीत, हे तुमचं मत. गुरुवारी कॉलेजातले एक वयस्कर सर लाल पेन्सिल फिरवून द्यायचे. शुक्रवारी तुम्ही तीन कार्बन घालून, बॉलपेन दाबून दाबून, एका वेळी चार प्रती काढायच्या. पहिली वळसंगच्या डॉक्टरांना, दुसरी करकंबला, तिसरी तुमच्या मैंदर्गीला, आणि चौथी, मी दवाखाना टाकल्यावर, मला. मी गावातच होते, अक्षर लागलं नाही तर विचारू शकत होते, म्हणून सगळ्यात खालची पुसट प्रत माझी. ते मला कधी कधी टोचायचंही. एवढी जवळची आणि प्रत मात्र चौथी, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं.

तुम्हाला दुष्काळाचं वर्ष आठवत असेल. खडी फोडायच्या कामावर माणसं उघड्यावर राहत होती, पाणी मिळेल तसलं पीत होती, आणि लहान मुलं जुलाबांनी सुकून जात होती. सलाइनच्या बाटल्या मिळत नव्हत्या. तुम्ही मीठ, साखर आणि उकळलेल्या पाण्याची चिठ्ठी आणलीत. किती पाण्यात किती, कसं पाजायचं, किती वेळानं पाजायचं, आणि कोणत्या मुलाला याच्यावर न ठेवता दवाखान्यात हलवायचं. मी ती वाचून हसले. म्हटलं, "शकूताई, आता बी.ए. झालेल्या बाईनं आम्हाला सरबत शिकवायचं का?"

तुमचा चेहरा लाल झाला. "मी कोन शिकवनार? ज्यांनी हजारो पोरांवर करून बघितलं ते सांगत्यात. मी निस्ता निरोप पोचवतीय. तुमाला न्हाय पटत, तर कशावरून न्हाय पटत ते सांगा."

कशावरून. तुमचा तो एक शब्द. कुणी काही म्हटलं की तुमचा हा प्रश्न ठरलेला. सरांनी सांगितलं, कशावरून? मोठ्या प्राध्यापकांचा अनुभव आहे, बरोबर, पण कशावरून? सरबताच्या वेळी मला फक्त राग आला होता. पंधरा दिवसांनी वळसंगचे डॉक्टर आले आणि तुमच्या काउंटरपुढे हात जोडून उभे राहिले. बाटल्या संपल्यावर त्यांनी तुमच्या चिठ्ठीवर दिवस काढले होते. तुम्ही त्यांना काय म्हणालात? "किती पोरांना दिलं, कितींना हलवायला लागलं, ते लिहून ठेवलं का?" त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही त्याच्याकडे वही मागत होतात. मी त्या दिवशी तुमच्यावर चिडलेही आणि तुमच्या प्रेमातही पडले. त्यानंतर तुमची चिठ्ठी मी कधी हसण्यावारी नेली नाही.

एक वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायची, तुमच्या चिठ्ठ्यांनी डॉक्टर आळशी होतील, मूळ निबंध कुणी उघडून बघणार नाही. तुम्ही म्हणायच्या, साठ रोगी तपासून दमलेल्या माणसाला वापरता येत नसेल तर तो निबंध असून नसून सारखाच. मी म्हणायची, दमलेल्यानंही नीट वाचलं पाहिजे. हे मी म्हणायची, शकूताई. मी.

आता एल्लम्मा. शहराच्या पूर्व भागात, माझ्या दवाखान्यापासून दोन बोळ पलीकडे राहणारी, साठीची, विड्या वळणारी. मुलगा नरसय्या घरातच दोन माग चालवतो. खोकला, ताप, थुंकीत रक्त. क्षय होता. त्या काळात सुई रोज टोचायला लागायची, आणि रोज दवाखान्यात यायचं म्हणजे तिच्या विड्या बुडायच्या. दोन आठवड्यांनी ती यायची बंद झाली. असे कितीतरी रोगी माझ्या हातून निसटले होते. तुम्हाला मी ते चिडून सांगितलं, आणि तुम्ही महिनाभर त्याच विषयाच्या मागे लागलात. मग ती चिठ्ठी आली. आठवड्यातून दोनदाच सुई आणि गोळ्या, पण डॉक्टरसमोर, डोळ्यांदेखत. ज्यांना रोज जमत नाही त्यांच्यासाठी. तुम्ही ती दिलीत तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच एका पुठ्ठ्यावर औषध, मात्रा आणि वार मोठ्या अक्षरांत उतरवून सुयांच्या ट्रेच्या वर भिंतीला टांगलं. चिठ्ठी फाइलमध्ये गेली. त्यानंतर मी पुठ्ठाच बघायची.

मी खालची ओळ उतरवलीच नाही. वाचलीच नव्हती. मात्रा दिसली, वार दिसले, मला हवं ते मिळालं आणि माझे डोळे तिथेच थांबले.

एल्लम्मा सोमवार-गुरुवार नेमानं यायला लागली. खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस आलं. मी तिला दाखवून इतरांना सांगायची, बघा, अशी बरी होते बाई. पुढे ती भिंतीला धरून चालायला लागली. मी म्हटलं, अशक्तपणा, आणि ताकदीचं औषध दिलं. ऐकू कमी येतंय हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या घरात दिवसभर माग चालतात, प्रत्येक जण प्रत्येकाशी ओरडूनच बोलतो, आणि एकदा बोललेलं दोनदा सांगावंच लागतं. एक दिवस वीज गेली, माग थांबले, घर शांत झालं. सून नेहमीच्या आवाजात सासूला हाका मारत राहिली आणि सासू मान खाली घालून विड्या वळत राहिली. तेव्हा कळलं.

त्या औषधानं म्हाताऱ्या माणसाचे कान जाऊ शकतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण शिकलेलं डोक्यात एकीकडे राहतं आणि हात भिंतीवरच्या पुठ्ठ्याप्रमाणे चालतो. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते असं घडलं.

नरसय्या आईला घेऊन दवाखान्यात आला तो शनिवार होता. तुम्ही नवी चिठ्ठी घेऊन बाकावर बसला होतात. बाहेर बायका होत्या. तो आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्यानं हळूच विचारलं, "म्याडम, दुसऱ्या डाक्टरांनी सांगितलं, सुईनं असं होतंय. तुमी आदी का न्हाय सांगितलं?"

दवाखाना टाकून मला जेमतेम चार वर्षं झाली होती. बाहेरच्या बायका ऐकत होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्या चिठ्ठीवरून औषध दिलं तिच्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं."

मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही उठून जवळ आलात एवढं कळलं. "लिहिलं व्हतं की मी," तुम्ही म्हणालात. मग, "बघू चिठ्ठी."

"सापडत नाहीये," मी म्हटलं. मी शोधलीही नव्हती.

तुम्ही मला परत विचारलं नाहीत. तुम्ही, ज्यांनी सरांना सोडलं नाही, प्राध्यापकांना सोडलं नाही, त्यांनी मला कशावरून म्हणून विचारलं नाही. तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "चौथी प्रत. खालची ओळ उमटलीच नसंल." आणि नरसय्याकडे वळून, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणालात, "दादा, डॉक्टरांची चूक न्हाय. कागद माझा हाय. चूक माझी हाय." त्या माणसाला तुम्ही कोण हेही ठाऊक नव्हतं. तो आईचा हात धरून निघून गेला. तुम्ही पिशवी उचललीत आणि त्यांच्या मागोमाग गेलात.

दवाखाना बंद करण्याआधी मी फाइल काढली. चिठ्ठी तारखेनं जिथे असायला हवी तिथेच होती. पुसट होती, पण ओळ होती. वय झालेल्यांना मात्रा कमी. दर खेपेस चक्कर येते का, कानात आवाज येतो का हे विचारावे. आल्यास सुई ताबडतोब बंद. अक्षर न् अक्षर लागत होतं. सिरिंज उकळायचा स्टोव्ह पेटलेला होता. मी ती चिठ्ठी फाडली आणि त्यात घातली. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही येणार नाही असं मला वाटलं होतं. खरं सांगते, येऊ नये असंच वाटत होतं. तुम्ही आलात. चिठ्ठी पुढे केलीत. ती पहिली प्रत होती, काळीभोर, आणि सगळ्यात वर चौकट आखून लिहिलं होतं, कुणाला देऊ नये. त्यानंतरच्या प्रत्येक चिठ्ठीवर ती चौकट वर आली आणि प्रत्येक पहिली प्रत मला मिळाली. वळसंगचे डॉक्टर म्हणाले, बाईंनी ही सुधारणा फार चांगली केली. मी मान हलवली. दर शनिवारी ती चौकट बघताना वाटायचं, आज सांगून टाकावं. पण तुमच्याबरोबर कुणीतरी असायचं, किंवा रोगी असायचे, किंवा तुम्ही शेंगाची चटणी आणलेली असायची आणि हसत असायच्या. हसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? असं म्हणत म्हणत तीन वर्षं गेली.

तुमच्या आजारपणात मी रोज येत होते. शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी मिळाली की खोलीत आपण दोघीच होतो. मी ठरवून आले होते. तुम्ही म्हणालात, "बसा की डॉक्टर, पंख्याखाली बसा," आणि डोळे मिटलेत. झोप लागली होती की नुसते मिटले होते, मला कळलं नाही. मी तासभर बसले. तुमच्या हातावरच्या सलाइनच्या थेंबांकडे बघत बसले. पूर्ण एक तास, शकूताई. मग उठले आणि ओपीडीची वेळ झाली म्हणून निघून आले.

तेराव्यानंतर तुमचे भाऊ खोली रिकामी करायला आले होते. वह्यांचा गठ्ठा माझ्या दारात ठेवून म्हणाले, "तुमच्या कामाच्या असल्या तर ठेवा, न्हाईतर रद्दीत द्या." प्रत्येक चिठ्ठीचा कच्चा मजकूर त्यांत होता, आणि प्रत्येक वाक्यापुढे, उजवीकडे समास पाडून, ते कशावरून लिहिलं ते. मासिक, पान, सरांचं मत, कुणा डॉक्टरांचं पत्र. एकही वाक्य त्याशिवाय नाही. मी ती तारीख शोधत गेले, आणि मला ती सापडली.

"माझ्या चिठ्ठीतील खालची ओळ चौथ्या प्रतीवर उमटली नाही. त्यामुळे एल्लम्मा यांचे कान गेले."

उजवीकडे, कशावरून, तिथे तुमच्या सरळ अक्षरात तीनच शब्द आहेत. वसुधाबाईंनी सांगितले म्हणून.

वसुधा म्हणजे मी. ते तीन शब्द मी कितीदा वाचले, मोजता येत नाही. तुमच्या साऱ्या वह्यांत, ज्याला दुसरा काही आधार नाही असं ते एकच वाक्य आहे. कागद मागितला असतात, रागावला असतात, चार दिवस बोलला नसतात तरी माझी सुटका झाली असती. तुम्ही माझं नाव लिहिलंत आणि तेवढ्यावर भागवलंत. मी ती वही मिटली आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. तुमच्या अंत्ययात्रेतही मी तशी रडले नव्हते.

त्याच पानाच्या तळाशी लिहिलं होतं, रविवारी एल्लम्माकडे. पुढच्या पानावरही तेच. त्याच्याही पुढच्या. म्हणून काल, रविवारी, मी त्या बोळात गेले. नरसय्यानं डॉक्टर बदलल्यापासून तिकडे माझं पाऊल पडलं नव्हतं. रोग्याकडे जायला मी दुसऱ्या बोळानं वळसा घालून जायची.

माग चालू होते. नरसय्यानं मला बघितलं, एक माग थांबवला, मग दुसरा. त्याच्या घरात भिंतीला एक चिठ्ठी डकवलेली आहे, शकूताई. अर्धा फुलस्केप, तुमचं अक्षर, आणि खाली सुनेनं तेलुगूत उतरवलेलं. समोर बसा. उजेड आपल्या तोंडावर येऊ द्या. सावकाश बोला, ओरडू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. कळलं का, हे तिलाच सांगायला लावा. ऐकू न येणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, हेही तुम्ही त्या लायब्ररीत बसून शोधलंत. सून म्हणाली, "दर आयतवारी येत व्हत्या बाई. आत्तेसमोर बसून विडीची पानं कापायच्या, आनि बोलायच्या. आत्तेला आता व्हटावरनं बरंच कळतंय." तीन वर्षं दर रविवारी. मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत.

मी नरसय्याला सगळं सांगितलं. ओळ होती हे सांगितलं, स्टोव्हचंही सांगितलं. तो मागाच्या दांडीला हात लावून ऐकत होता. मला वाटलं तो मला हाकलून देईल. तो म्हणाला, "मंग बाई कशापायी येत व्हत्या?" मग त्यानं आईकडे बोट केलं. "तिला अजून बाई गेलेल्या ठाऊक न्हाय. लई आयतवार झाले, दारात बघत बसतीय. आमच्यानं सांगवना. तुमी डाक्टर हाय, तुमी सांगा."

मी एल्लम्मासमोर बसले. दारातला उजेड माझ्या तोंडावर येईल अशी बसले. सावकाश म्हटलं, बाई गेल्या. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. "गेली?" ती मोठ्यांदा म्हणाली. तिला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती सगळंच मोठ्यांदा बोलते. "शकूबाई मेली?" मी मान हलवली. तिच्या हातातलं पान सुपात पडलं. "अय्यो," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून डोलत राहिली. सून येऊन पाठीवर हात फिरवत बसली.

ती शांत झाल्यावर मी दुसरी गोष्ट सांगितली. एका वेळी एकच, तुमच्या चिठ्ठीप्रमाणे. चूक बाईंची नव्हती. चूक माझी होती. बाईंनी लिहिलं होतं, मी वाचलं नाही. तिनं एकेक वाक्य माझ्या ओठांवरून उचललं. कळलं का, म्हणून मी खुणेनं विचारलं, आणि तिनं न चुकता सांगून दाखवलं, "तू म्हनतीस चूक तुजी. बाईची न्हाय." मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण ती मान हलवायला लागली. "न्हाय. चूक बाईची. तिनं सोता मला सांगितलंय, हितंच बसून. किती डाव सांगितलंय. बाई खोटं बोलायची न्हाय." मी परत सांगितलं. नरसय्यानं सांगितलं, तेलुगूत, सावकाश, समोर बसून. ती आमच्या दोघांकडे जरा कीव केल्यासारखी बघत होती. माणूस मेल्यावर त्याची चूक झाकायला आली आहे ही, असं तिला वाटलं असावं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे हात तंबाखूच्या वासाचे, खरखरीत.

"तू रडू नको," ती म्हणाली. "तिच्यासाटी रडतीस ना? कानाचं मी तिला कवाच माफ केलंय."

तिनं तुम्हाला माफ केलं, शकूताई. अगदी मनापासून केलं. मी समोरच बसले होते, उजेड माझ्या तोंडावर होता, आणि तिला माझं म्हणणं पटवता आलं नाही.